उबेची पेटी

त्या सकाळी एस्तेर उजगरेचं वडिलांशी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं तिला पुढे वर्षभर वाटत राहिलं. भांडणात माणूस निदान बोलतो.

एकोणीसशे एकोणनव्वदचा जानेवारी, गुरुवार. भिवंडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात गॅस येऊन पाच-सहा दिवस झाले होते. नाव नोंदवलं होतं याचाही विसर पडायला लागला तेव्हा एकदाची शेगडी आली. रॉकेलच्या रांगेत डबा धरून उभं राहण्यात ज्यांच्या सकाळी गेल्या आहेत, त्यांना त्या निळ्या ज्योतीचं सुख वेगळं सांगायला नको. एस्तेर बत्तीस वर्षांची, मराठी शाळेत शिक्षिका. तिची शाळा सकाळी सातला भरे. तिला वाटलं होतं, आता तरी ती पेटी घरातून जाईल.

पेटी म्हणजे सुताची बंडलं येतात तसला एक देवदारी खोका. आत गोणपाटाचं अस्तर आणि अस्तरामागे ठासून भरलेलं, लूमवरचं, म्हणजे यंत्रमागावरचं, वाया गेलेलं सूत. मधोमध पातेलं बसेल एवढी खोलगट जागा. वर झाकायला एक जाडजूड उशी, एस्तेरच्या आईच्या जुन्या पातळाची. डाळ असो की भात, दहा मिनिटं उकळायचं, स्टोव्ह बंद करायचा, पातेलं पेटीत ठेवून वरून उशी दाबायची. पुढचं काम आतली ऊब करी. दुपारी एकला एस्तेर शाळेतून येई तेव्हा डाळ मऊ शिजलेली आणि वाफाळती असे.

तिचे वडील दौलत उजगरे एका सायझिंगमध्ये बॉयलरवर होते. घर आणि गल्ली त्यांना दादा म्हणे. लूमवर चढण्याआधी सुताला खळ देतात ते काम सायझिंगमध्ये चालतं, आणि त्याला लागणारी वाफ बॉयलर पुरवतो. तीस वर्षं दादांनी त्या बॉयलरच्या तोंडात लाकूड घातलं होतं. वाडा-शहापूरकडचे ट्रक येत, रिकामे होत, परत येत. दादा म्हणत, दिवसभर मी झाडं जाळतो, घरी तरी हात आखडता घेऊ द्या.

त्यांच्याकडे दोन सदरे होते आणि एक रविवारचा. तांदळाचं धुवण ते कधी मोरीत ओतत नसत, एका कॅनमध्ये साठवत. रविवारी उपासनेनंतर तो कॅन सायकलला अडकवून टेमघरच्या अंगाला असलेल्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीत जात आणि एस्तेरच्या आईच्या कबरीशी लावलेल्या बकुळीला घालत. घरच्या प्रार्थनेत त्यांचा एक ठरलेला विषय होता. प्रभूने पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातलं हे सगळे सांगतात, पण त्यानंतर त्याने उरलेले तुकडे गोळा करायला लावले, तिथे कुणी थांबत नाही. ज्याला भाकरी हवी तेवढी वाढवता येत होती, त्याला तुकड्यांची काय गरज होती? एस्तेरने पुष्कळ वाचलं होतं. या प्रसंगाची तीन वेगवेगळी स्पष्टीकरणं तिला ठाऊक होती. ती गप्प बसून ऐके आणि मनात घड्याळ बघे.

आदल्या रविवारी तिच्या शाळेतल्या दोघी शिक्षिका गॅसचे पेढे खायला आल्या होत्या. त्यांतल्या एकीने कोपऱ्यातली पेटी पाहून विचारलं, "हे काय हो, कोंबडी बसवली आहे का?"

"डाळ उबवतोय, बाई," दादा म्हणाले. "दुपारी पिल्लं निघतील."

सगळे हसले. दादा सर्वांत मोठ्याने. एस्तेर हसली नाही.

तर गुरुवारी सकाळी दादांनी डाळीला उकळी आणली आणि शेगडीची चावी बंद केली. एस्तेर आरशासमोर साडीला पिन लावत होती. ती म्हणाली, "आता गॅस आहे ना आपल्याकडे."

"आहे ना. म्हणून तर इतक्यात झालं." त्यांनी पातेलं फडक्यात धरून पेटीत उतरवलं. मग पाठमोरेच, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काल गरम होतं का गं?"

हा प्रश्न ते रोज संध्याकाळी विचारत. आदल्या दिवशी त्यांना जास्तीची ड्युटी पडली, ते आले तेव्हा एस्तेर निजली होती, म्हणून राहिलेला प्रश्न सकाळी आला. आपल्या पेटीचं कौतुक ऐकायचं असतं यांना, असं एस्तेरला नेहमी वाटे. लहानपणी कधी तिने मान हलवली असेल. पुढे 'हं' म्हणायची. त्या सकाळी पिन बोटाला टोचली होती, मनात रविवारचं हसू होतं.

"मला उशीर होतोय," ती म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. मागे दादांनी उशी पेटीवर दाबल्याचा आवाज आला. थप. थप. दोनदा.

साडेदहाला सायझिंगमधला सिराज सायकल टाकत शाळेत आला. दादा पाणी प्यायला नळापाशी गेले, छातीत कळ आली, खाली बसले ते उठलेच नाहीत. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुपार कशी गेली ते एस्तेरला आठवत नाही. घर माणसांनी भरलं. पाळकसाहेब आले, शेजारच्या जुबैदाखालाने चूल बंद ठेवून दारात ठाण मांडलं, दादांची मोठी बहीण आक्का हिला नगरला तार गेली. उन्हं उतरताना कुणीतरी एस्तेरला धुतलेली चादर आणायला आत पाठवलं. चादर पेटीच्या वरच्या फळीवर होती. तिचा हात उशीला लागला, आणि का कोण जाणे, तिने उशी उचलली.

पातेल्याला हात लावला. अजून गरम होतं.

बाहेरच्या खोलीत थोड्या वेळापूर्वी तिने दादांचा हात धरला होता. तो गार होता. आणि त्यांनी सकाळी ठेवलेली डाळ, तिच्या एकच्या जेवणासाठी ठेवलेली डाळ, अजून तिची वाट पाहत होती. तिने उशी परत ठेवली आणि चादर घेऊन बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. शुक्रवारी लूम बंद असतात. एरवी रात्रंदिवस खटखटणाऱ्या गावातून दादांची पेटी, म्हणजे शवपेटी, एवढ्या शांततेत गेली की खांदेकऱ्यांच्या चपला ऐकू येत होत्या. तिसऱ्या दिवशी आक्काने वास कशाचा येतोय म्हणून शोधलं, आणि ती आंबलेली डाळ मोरीत ओतून दिली. एस्तेरने लाकडी पेटी माळ्यावर ढकलली आणि तिच्यापुढे ट्रंक लावली.

पण आवाज माळ्यावर गेला नाही. वर्षभर तो घरातच राहिला. दुपारी एकच्या सुमाराला, ती सकाळचा गार भात ताटात घेऊन बसली की मागे कुणीतरी उशीवर हात मारावा तसा आवाज यायचा. थप, थप. लूमच्या खडखडाटात ती तो भास म्हणून झटकून टाकी. शुक्रवारी झटकता येत नसे. आवाजानंतर प्रश्न येणार हे तिला ठाऊक असायचं, आणि प्रश्न यायच्या आत ती ताट उचलून मोरीत ठेवायची. भात गरम करून घ्यायला गॅस हाताशी होता. तिने कधी गरम केला नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती वाळत चालली. शाळेत मुलं दोनदा हाक मारत तेव्हा ती वळून बघे.

एक उपाय तिला सुचला होता. वर्षाच्या आठवणीला दादांची कबर पक्की करायची. आक्काचा तर पहिल्यापासून हाच घोशा होता. नगरहून प्रत्येक पत्रात ती लिही की उजगऱ्यांचा एकुलता मुलगा, आणि त्याच्या डोक्याशी नुसता मातीचा ढीग! दादा स्वतः काय म्हणत, हे एस्तेरला आठवत नव्हतं असं नाही. दफनभूमी लहान होती. ज्यांना परवडलं त्यांनी सिमेंटचे ओटे बांधले, फरशा बसवल्या, आणि मागच्याच पावसाळ्यात मंडळीतल्या एका गरीब बाळंतिणीसाठी जागा शोधताना पाळकसाहेबांना ओट्यांच्या फटीतून वाट काढावी लागली होती. मेल्यावर जागा अडवून बसू नये, असं दादा म्हणत. माझ्यावर दगड ठेवू नका. बकुळीचं मूळ माझ्यापर्यंत येईल तेवढं पुरे.

तरी तिने कल्याण रस्त्यावरच्या केसरीनाथला काळा दगड सांगितला. आईवडील दोघांच्या कबरींवर मिळून एकच रुंद ओटा, वर दगड, सोनेरी अक्षरं. बकुळ मध्ये येत होती. मूळ तोडावं लागेल, झाड बहुतेक राहणार नाही, असं केसरीनाथ म्हणाला होता. एस्तेरने मान हलवली होती. त्या दगडाखाली सगळं शांत होईल, अशी तिची समजूत होती.

एकच गोष्ट अडली होती. दगडावर काय कोरायचं ते तिने अजून लिहून दिलं नव्हतं. केसरीनाथ दर आठवड्याला शाळेच्या फाटकाशी येऊन विचारी, "बाई, मजकूर?" आणि ज्या बाईंनी अख्ख्या शाळेची भाषणं लिहून दिली होती, त्या म्हणत, उद्या देते. शनिवारी वर्षाची उपासना होती. शुक्रवारी ओटा बांधायचा होता. आज बुधवार होता.

एस्तेर दुपारी घरी आली. आक्का कालच नगरहून येऊन आतल्या खोलीत आडवी झाली होती. जुबैदाखाला आपल्या दारात चरख्यावर कांड्या भरत बसली होती. लूमच्या धोट्यात घालायच्या या सुताच्या कांड्या ती चाळीस वर्षं भरत होती, त्यातच तिने नवऱ्यामागे चार मुलं वाढवली. एस्तेरने नेहमीसारखा गार भात वाढून घेतला. एवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. काटक, डोक्यावर झाकलेलं मोठं बांबूचं डालगं.

"दादा हाय का?" तिने विचारलं.

एस्तेरने ताट खाली ठेवलं. चरखा थांबवून जुबैदाखालानेच सांगितलं, "दादा गेले, बाई. या आठवड्यात वर्ष होतंय."

ती बाई उंबऱ्यावर बसली. डालगं हळूच मांडीवर घेतलं. मग तिने सांगितलं ते असं. तिचं नाव तानी. वळ गावाच्या पलीकडे डोंगरालगत तिचा पाडा. ती बॉयलरच्या फाटकाशी लाकडाची मोळी विकायला यायची. दोन वर्षांपूर्वी दादांनी तिला विचारलं होतं की गावासाठी एवढी लाकडं आणतेस, घरच्या चुलीला काय करतेस. तिने सांगितलं, त्यासाठी पुन्हा डोंगर चढते, पोरगी संगतीला असते. ते ऐकून दादांनी तिला पेटीची युक्ती शिकवली होती.

"पेटी न्हाय दिली," तानी म्हणाली. "बोलले, पेटी तुला इकत घ्यावी लागंल. डालगं तुझ्याकडं हाय, पेंढा हाय. सूत मी देतो, तसं पण ते उकिरड्यात जातं. आता दोन दिवसाआड चढते डोंगर. माझी धाकली शाळेत जाते, मोळी न्हाय उचलत." ती जराशी हसली. "पाड्यात सात घरांनी केलीत. दादांना दावायला आणलं. अन् सूत बसलंय पार, वरसाला बदलायचं असं सांगितलेलं त्यांनी. मधी थोरलीच्या बाळंतपणात वरीस गेलं, येणं झालं न्हाय."

तिने डालग्यावरचं फडकं काढलं. पेंढा, काळवंडलेलं सूत, मध्ये एक अॅल्युमिनियमचं पातेलं.

"वाल हायत. तांबडं फुटताना उतरवलं आगीवरनं. हात लाव, बाय."

एस्तेरने हात मागे घेतला.

"लाव ना. भाजत न्हाय."

तिने हात लावला. गरम होतं. वर्षापूर्वी उन्हं उतरताना ज्या उबेवर तिने घाईघाईने उशी टाकली होती, तीच ही ऊब होती. ती सात घरं फिरून, डोंगर उतरून तिच्या उंबऱ्याशी परत आली होती. एस्तेर तानीसमोर खाली बसली. रडली नाही. नुसता हात पातेल्यावर ठेवून बसली.

जुबैदाखाला उठून आत आली. तिने एस्तेरचं ताट पाहिलं, बोटाने भात चाचपला.

"गॅस कशाला घेतलायस, शोभेला?"

एस्तेरने पातेल्यावरचा हात उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"एक विचारू? ही पेटी दौलतभाईंनी कशासाठी केली, ठाऊक आहे तुला?"

"लाकूड वाचावं म्हणून. रॉकेल वाचावं म्हणून."

"ते मागाहून." खाला तिच्याशेजारी बसली. "तुझी आई गेली तेव्हा तू नऊ-दहा वर्षांची. तुझा बाप शिफ्टला जायचा, सकाळी करून ठेवायचा. पोरीला स्टोव्ह पेटवू द्यायची त्याची छाती नव्हती. तू शाळेतून येऊन गार जेवायचीस. एक दिवस ताट घेऊन माझ्या दारात आलीस. मी म्हटलं, क्या हुआ बेटा? तर तू विचारलंस, खाला, आई नसली की रोज गारच जेवायचं असतं का?"

एस्तेरला यातलं काही आठवत नव्हतं.

"मी संध्याकाळी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं, असं वाटलं मला, एवढा चेहरा उतरला माणसाचा. आठ दिवसांनी खोका घेऊन आले. सूत मी दिलं. तुझ्या आईचं पातळ त्यांनी दिलं, उशी मी शिवली. पहिल्या दिवशी ड्युटीवरून आले ते सायकल भिंतीला न टेकवता दारातूनच ओरडले, गरम होतं का गं? तू गोट्या खेळत होतीस. तू वर पण बघितलं नाहीस." खालाने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "झाडं मग सुचली त्यांना. एका पोरीचं ताट गरम राहतं तर लाकूडही वाचतं, हे मागाहून दिसलं. मग मला करून दिली. चौऱ्याऐंशीच्या दंगलीतल्या कर्फ्यूत घरात रॉकेलचा थेंब नव्हता, एका उकळीवर आम्ही सहा जण जेवलो. मग ही तानी. पण सुरुवात तू होतीस."

बाहेर लूम चालू होते.

आतल्या खोलीतून आक्का उठून आली. तिने सगळं ऐकलं होतं, आणि डोळे पुसलेले होते, तरी आवाजात नेहमीची धार होती. "ते असू दे. दौलू चांगलाच होता. म्हणून तर त्याला दगड पाहिजे. लोक म्हणतील, मास्तरीण झाली आणि बापाला मातीत ठेवलं."

"मातीतच ठेवतात, आक्का, सगळ्यांना," खाला म्हणाली. "वर काय ठेवायचं, तेवढं जित्या माणसांच्या हातात असतं. आमच्यात कबर कच्ची ठेवतात. माझा नवरा नक्की कुठे आहे, मला अंदाजानेच माहीत. अंदाजाने दुआ केली, पोचली नाही असं कधी झालं नाही."

"तुमचं निराळं."

"निराळं असेल. पण दौलतभाई तुमचेच ना? त्यांनी काय सांगितलं होतं?" ती एस्तेरकडे वळली. "तू दगड त्यांच्यासाठी नाही बसवत. रोज एकला तू दचकून मागे बघतेस, ताट टाकून उठतेस, ते मला दारातून दिसतं. त्यांनी काहीतरी विचारलंय, ते तुला ऐकू येतं. त्यांचं तोंड बंद करायला बसवतेस. बेटा, दौलतभाई शांत झोपलेत. जागी तू आहेस."

वर्षभर एस्तेरने हा आवाज कुणालाही सांगितला नव्हता. ती खालाकडे पाहत राहिली. खालाने नजर काढली नाही. तानी या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिने पातेल्यातून वाल काढून एस्तेरच्या गार भातावर वाढले.

"खा, बाय. बोलणं मंग."

एस्तेर जेवली. वर्षात पहिल्यांदा ताट पुसून जेवली. मग स्टुलावर चढून ट्रंक बाजूला केली आणि माळ्यावरची पेटी खाली काढली. तिच्यातलं सूतही बसलं होतं. उशीत उंदराने एक भोक पाडलं होतं. खालाने सुई मागितली. आक्का थोडा वेळ उभी राहिली, आणि शेवटी धुसफुसत खाली बसून जुनं सूत मोकळं करायला लागली. संध्याकाळी तानी गेली तेव्हा तिच्या डालग्यात नवं सूत होतं, आणि शनिवारी येण्याचं तिने कबूल केलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एस्तेर दफनभूमीत गेली. केसरीनाथने दोरी लावून ठेवली होती. दोन्ही कबरींभोवती चुन्याची रेघ होती आणि बकुळीच्या बुंध्याशी कुदळ टेकवलेली.

"बाई, आणलात मजकूर?"

"ओटा बांधायचा नाही, केसरीनाथ. चुकलं माझं. आधी सांगायला हवं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. "नाव तरी पाहिजे ना? वीस वर्षांनी कुणाला कळेल कोण हाय इथं?"

"नाही कळणार," एस्तेर म्हणाली. "इथे आणखी कुणाला तरी जागा लागेल तेव्हा. तेच त्यांना हवं होतं."

केसरीनाथने बकुळीकडे पाहिलं, कुदळ उचलली, आणि चिंता केली ती कारागिराने करावी तशीच. "मग शिळेचं काय करू? तासून झालीय."

फाटकाशी नळ होता, आणि कुणाची अंत्ययात्रा आली की म्हातारी माणसं तिथे उन्हात ताटकळत उभी राहत. एस्तेरने ती शिळा नळाशेजारी दोन दगडांवर आडवी बसवायला सांगितली. बसायला. वर एकही अक्षर न कोरता.

"हे बरं काम सांगितलंत," केसरीनाथ म्हणाला. "गुडघेवाले दुवा देतील."

शुक्रवारी लूम बंद होते. घरात शांतता होती. एस्तेरने दुपारी एक वाजता गरम भात वाढून घेतला आणि कान देऊन बसली. आवाज आला नाही. प्रश्न मात्र होता. तो अजून उत्तर मागत होता.

शनिवारी उपासना बकुळीखाली झाली. आक्काने सांगितलेल्या आचाऱ्याला नको म्हणून कळवलं होतं. त्याऐवजी सकाळी आठ घरांतून आठ पातेल्यांना एकेक उकळी आली होती, आणि खोकी, डालगी, जुन्या गोधड्यांत गुंडाळलेले डबे सायकलींवरून, हातगाडीवरून दफनभूमीत आले होते. पाळकसाहेबांच्या पत्नीचा भात होता. जुबैदाखालाने एस्तेरच्या घरी दादांच्या पेटीत डाळीचं पातेलं लावलं होतं. तानी धाकलीला घेऊन आली होती, पाड्यातल्या आणखी दोघी बरोबर. ताटांऐवजी पळसाच्या पत्रावळी होत्या, त्या त्यांनीच आणल्या. केसरीनाथच्या शिळेवर तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि शिळा गार आहे म्हणून कुरकुरत होत्या.

वाचकहो, आपणही आपल्या माणसांची आठवण ठेवतो. फोटोला हार घालतो, दगडावर नाव कोरतो, जेवणावळी घालतो, आणि उरलेलं अन्न गटारात ओतून घरी येतो. मोठं काही केल्याशिवाय प्रेम दिसत नाही, असं आपल्याला कुणी शिकवलं? ही धरती सांभाळायला आपल्याजवळ पैसा नाही, असं म्हणून आपण हात झटकतो. दौलत उजगऱ्यांपाशी एक खोका होता आणि दुसऱ्यांनी फेकलेलं सूत होतं. एका मुलीचं ताट गार राहू नये म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि डोंगरावरची झाडं राहिली. साधं राहणं म्हणजे कमीपणा नव्हे. आपल्या वाट्याचं जपून वापरायचं आणि दुसऱ्याच्या वाट्याचं त्याच्यासाठी सोडायचं, एवढाच त्याचा अर्थ. मेल्यानंतरच्या जागेलाही तो लागू आहे. आणि जो असा जगतो त्याची लाज वाटून घेण्याआधी, त्याने हे कुणासाठी केलं, एवढं तरी विचारून घ्यावं. तो समोर असेपर्यंत विचारावं.

प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलीला साक्ष द्यायची आहे का, दादांविषयी दोन शब्द बोलायचे आहेत का. एस्तेर उभी राहिली. मंडळी सावरून बसली. तिचं बोलणं चांगलं असतं, हे सर्वांना ठाऊक होतं. आक्काने पदर सारखा केला.

एस्तेर कुणाकडे न बघता पेटीपाशी गेली. गुडघ्यावर बसून तिने आईच्या पातळाची उशी उचलली. वाफ वर आली आणि बकुळीच्या पानांत गेली. तिने पत्रावळीवर एक डाव डाळ वाढून घेतली, बोटाने घेऊन तोंडात घातली. जिभेला चटका बसला. तिने डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, ती आता सुरुवात करील.

ती मातीच्या त्या उंचवट्याकडे वळली. रोज संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवणाऱ्या माणसाला घरातून उत्तर द्यावं, तशा साध्या आवाजात ती बोलली.

"गरम होतं, दादा. त्या दिवशीसुद्धा गरम होतं. रोज गरम होतं."